शेवटचं रीळ आधी

रावजीचा तंबू शेळगावच्या जत्रेत लागला की तिकडं कळंबच्या म्हशी दूध चोरायच्या. तंबूमागं त्याचा जनरेटर असायचा, आणि त्याचा आवाज असा, की मधल्या एवढ्या अंतरावरूनही म्हशींना वाटायचं गोठ्यातच कुणी गिरणी घातली. खोटं वाटत असेल तर कळंबला जाऊन विचारा. फक्त ज्याच्याकडं म्हशी आहेत त्यालाच विचारा. बाकीच्यांना काय कळतंय.

तंबू म्हणजे सिनेमाचा तंबू. बारामतीचा रावजी दर चैत्रात जीपवर कापड लादून यायचा. बाप्ये उजवीकडं, बाया डावीकडं, मधे एक दोर. कापडाला इतकी भोकं, की पिक्चरात रात्र दाखवली तर निम्मे लोक वर बघायचे. मागं टेबलावर मशीन. ते एकच असल्यामुळं रीळ संपलं की दिवा लागायचा, दुसरं रीळ चढेपर्यंत लोक बाहेर येऊन पिक्चरवर मत द्यायचे. आमच्याकडं पिक्चर अर्धा बघायचा आणि अर्धा बोलायचा अशीच रीत होती.

त्या वर्षी, त्र्याण्णव असेल नाहीतर चौऱ्याण्णव, रावजीनं ठरवलेली देवाच्या पिक्चरच्या रिळांची पेटी दुसऱ्याच तंबूवाल्यानं पळवली. रावजी बारामतीच्या एसटी स्टँडवर डोकं धरून बसला होता. तिथं त्याला शंभूराज भेटला. माळेगावच्या कारखान्यातल्या एका फिटरचं हे पोरगं. पुण्याला शिकायला म्हणून गेलं आणि चार मित्र नि एक मागून आणलेला कॅमेरा यांच्या जिवावर पिक्चर काढूनच परत आलं. पिक्चरचं नाव ‘बाक सरका’. थेटरवाले त्याला दारातनंच वाटेला लावत होते. त्यानं पत्र्याची पेटी रावजीपुढं ठेवली आणि म्हणाला की भाडं नको, फक्त लोक काय म्हणतात तेवढं मला सांगा. उभ्या जन्मात असा पिक्चरवाला रावजीनं बघितला नव्हता. त्याला वाटलं पेटीत साप असणार. तरी त्यानं ती घेतली.

साप नव्हता, पण गोष्ट सापासारखीच होती. दहावीतली एक पोरगी, वैष्णवी. लगीन व्हायच्या आधीच तिला दिवस जातात. पोरगा वर्गातलाच, गणितात पहिला. पण हे गणित कळल्यावर तो मामाच्या गावाला निघून जातो. आता पुढं काय होतं ते आपल्याला पाठ असतं. पण ह्या पिक्चरात विहीर नाही, औषधाची बाटली नाही, देवळात घंटा बडवणारी आई नाही. पोरगी शाळा सोडत नाही, एवढंच. हेडमास्तर तिला भूगोलाच्या नकाशामागं बसवतात. पीटीचे मास्तर तिला पळायला सांगतात आणि कारण कळल्यावर स्वतःच चक्कर येऊन पडतात. बाक पुरेना म्हणून शेजारीण सरकत सरकत खाली जाते. परीक्षेला भरारी पथकाच्या बाई तिच्या पोटाला बोट लावून विचारतात, गाईड लपवलंय का. शेवटच्या रिळात चार वर्षं गेलेली असतात, तिचं एका कंडक्टरशी लगीन लागतं आणि तिचंच पोरगं तिच्यावर अक्षता टाकतं. शंभूराजचं म्हणणं, हसून हसून पुरेवाट व्हावी असा पिक्चर.

दुसऱ्या कुठल्या गावात हे चाललं असतं. पण शेळगावात त्याच वर्षी अनिताला कावीळ झाली होती.

अनिता ही चंद्राबाईची नात, सोपानची थोरली. कॅनॉलखाली त्यांचा वांग्या-काकडीचा मळा. चंद्राबाई पाटी घेऊन इंदापूरच्या बाजारात बसायची. पोरगी सोळा वर्षांची, दहावीला. माघापासून ती बाहेर दिसेना आणि मार्चात परीक्षेलाही गेली नाही. विचारलं की सोपान सांगायचा, कावीळ हाय. गावानं लगेच विश्वास ठेवला. कुणी फुटाणे पाठवले, कुणी उसाची कांडकी. भामाबाईनं, जिच्या तोंडाला सगळं शेळगाव वचकून असायचं, पाटीभर कैऱ्या पाठवल्या आणि निरोप दिला की असल्या काविळीला कैरीच लागू पडते. त्याच सुमाराला उसाच्या ट्रॅक्टरवरचा सूरज नावाचा क्लीनर गावातून नाहीसा झाला. मिसरूड न फुटलेलं पोर ते. काविळीची बातमी कानावर आली तेव्हा तो स्टेअरिंगवर बसला होता. त्यानं चालत्या ट्रॅक्टरमधून उडी घेतली आणि ट्रॅक्टर एकटाच जाऊन कारखान्याच्या वजनकाट्यावर नंबराला उभा राहिला.

सोपाननं यावर तोड काढली होती. करमाळ्याकडचा एक बिजवर, सोपानपेक्षाही थोराड, पोरगीला पोटातल्या लेकरासकट पत्करायला तयार होता. जत्रा उठली की दुसऱ्या दिवशी सकाळी तो येणार आणि अनिताला घेऊन जाणार; लगीन तिकडंच, चार माणसांत. अनितानं आजीला एवढंच सांगितलं होतं, “आज्जे, मला तिकडं नगं. हितंच ऱ्हाऊ दे. आक्टोबरला पेपर दीन मी.” पण घर सोपानच्या शब्दावर चालायचं, आणि सोपान गावाच्या तोंडाकडं बघून चालायचा.

पहिल्या दिवशी दिवेलागणीला पिक्चर सुरू झाला. चंद्राबाई तंबूच्या दाराशी काकडी विकत बसली होती. आतलं तिला दिसत नव्हतं, बाहेर येणाऱ्यांची मतं तेवढी ऐकू येत होती. पहिल्या रिळाला लोक नुसते चिडीचूप. दुसऱ्याला कुणीतरी खोकल्यासारखं हसलं. आणि ते गाईडचं आलं, तेव्हा तंबूत असा हशा झाला की एक खुंटा उपटला आणि तंबूचा कोपरा देवळाच्या बाजूला दीड हात सरकला. बापूसाहेबांची, म्हणजे माजी सरपंचांची, कवळी दोराखालून बायांच्या बाजूला गेली. ती परत द्यायला कुणी तयार होईना.

हसून झाल्यावर लोकांना आठवण झाली, की आपल्याला लाज वाटायला पाहिजे होती.

मग सकाळी पारावर मतं सुरू झाली. बापूसाहेबांनी कवळी नीट बसवून सांगितलं, की हा पिक्चर म्हणजे समाजाची नासाडी आहे. सगळ्यात जास्त तेच हसले होते, पण त्यांचा आक्षेप मुद्द्याचा होता. आधी लगीन, मग पाळणा, ही रीत. ह्या दीडशहाण्यानं लगीन शेवटी टाकलंय. कुणी म्हणालं, अशी पोरगी घरात ठेवली तर बाकीच्या पोरींनी काय शिकायचं. कुणी म्हणालं, आईबापानं तिला वेळीच कुठं लांब द्यायला पाहिजे होती. भामाबाई पाण्याला जाता जाता थांबली आणि तिनं सांगितलं की ते सगळं राहू द्या, पोरीच्या पोटाला उशी लई वर बांधलीय. सहाव्यात पोट तितं नसतं, ज्यानं बांधली त्याला धरून आणा. सगळे वैष्णवीबद्दलच बोलत होते. अनिताचं नाव कुणी घेतलं नाही. फक्त प्रत्येक मत देऊन झालं की बोलणारा सोपानकडं बघायचा आणि मग लगेच पिंपळाकडं. सोपान खाली मान घालून काडीनं मातीत रेघा ओढत बसला होता. पिक्चर त्यानं बघितला नव्हता. मतं मात्र एकही चुकवली नाहीत.

रावजीचा धंदा लोकांवर. दुसऱ्या दिवशी त्यानं बापूसाहेबांच्या म्हणण्याला मान दिला आणि शेवटचं रीळ आधी लावलं.

काय सांगू, पिक्चरच बदलला. सुरुवातीलाच सनई वाजली, मंडप, कंडक्टर नवरा फेटा बांधून. अक्षता टाकणारं पोरगं बहिणीचं असणार असं बायांनी ठरवून टाकलं. मग पोरगी शाळेत दिसली. लगीन करून बी शिकती, बाया म्हणाल्या, सासर चांगलं गावलं. दिवस गेले, तेव्हा आनंदीआनंद. हेडमास्तर तिला नकाशामागं बसवतो ते उन्हामुळं, असंही कुणी समजावून सांगितलं. वर्गातलं ते गणितवालं पोरगं कशासाठी रडतंय हे तेवढं कुणाला कळेना. आणि गाईडचा प्रसंग आला. बापूसाहेब उठून उभे राहिले. सवाष्ण बाईच्या पोटाला बोट लावते म्हणजे काय, असं त्यांनी पडद्यालाच विचारलं. एक पायताण पडद्यावर जाऊन आदळलं. मधल्या सुट्टीत बाया तावातावानं बोलत होत्या, की सातवा लागला तरी हिचं डोहाळजेवण कसं कुणी करत नाही, उद्या येताना नारळ आणि खण घेऊन यायला पाहिजे.

हसलं मात्र कुणी नाही. लगीन झालेल्या सोळा वर्षांच्या पोरीला दिवस गेले, यात हसायचं काय? तसल्या पोरी गावात घरोघरी होत्या.

चंद्राबाईनं त्या संध्याकाळी पाटीवर फडकं टाकलं आणि कापड बाजूला सारून दारातून पिक्चर बघितला. पहिल्यापासून शेवटपर्यंत.

तिसऱ्या दिवशी दुपारी शंभूराज इंदापूरच्या एसटीनं येऊन उतरला. रीळ उलटं लावल्याचं कळल्यावर त्याचा चेहरा असा झाला, की रावजीनं त्याला आधी पाणी पाजलं. पण मतं ऐकायची हौस त्यालाच होती. लोकांनी त्याला पारावर मधोमध बसवून मतं दिली. त्यातल्या गेणबाचं मत मला अजून आठवतं. गेणबाचा जन्म मेंढरामागं गेलेला. पिक्चर त्यानं पहिल्यांदाच बघितला होता. तो शंभूराजच्या अगदी जवळ सरकला.

“हे समदं तू काढलंस?”

“हो आजोबा.”

“म्हंजे तू तितं हुतास.”

“होतो की. कॅमेरा घेऊन.”

“मग त्यो पोरगा पळून चालला तवा तू त्याला धरला का न्हाईस?”

शंभूराजनं समजावून सांगितलं की ते खरं नव्हतं, तो पोरगा पळालाच नाही, हडपसरला असतो. गेणबा म्हणाला, मग सांग की त्याला, पोरगी वाट बघती. लोक हसले. पण हसता हसता मधेच थांबले, कारण काकडीला पाणी मारत चंद्राबाई तिथंच बसली होती.

लोक जेवायला पांगले तेव्हा तिनं रावजीला हाक मारली.

“रावजीआबा, पोरगी दोन्ही दिशी तीच हुती न्हवं?”

“तीच की.”

“वय बी तेच? पोट बी तेच?”

“पोट न्हाय ते, आक्का. उशी हाय.”

“आसंना का. मग परवा हासलं, आन् काल हिची वटी भराया निगालं, ते का?”

रावजीनं विचार केला आणि म्हणाला, रीळ बदललं म्हणून.

“मी परकरात हुते तवा माजं लगीन झालं,” चंद्राबाई म्हणाली. “ह्यो सोपान झाला तवा मी आमच्या अनीएवढीच. काय कळत नव्हतं, निस्तं भ्या वाटायचं. पर माजं लगनाचं रीळ आधी लागल्यालं, म्हणून मला कुणी काय म्हणलं न्हाय. भ्या काय कमी हुतं व्हय?” तिनं काकड्या उलट्यासुलट्या केल्या. “आज जसा हाय तसाच लावा. आन् ह्या घ्या, पोराला द्या, उन्हातनं आलंय.”

ती संध्याकाळ शेवटची. पिक्चरची बोंब इतकी झाली होती, की कळंबची माणसं म्हशींची तक्रार घेऊन आली होती तीसुद्धा तिकीट काढून बसली. बायांच्या बाजूला तीळ ठेवायला जागा नव्हती. सोपानला बापूसाहेबांनी आग्रह करून आत आणलं आणि आपल्या शेजारी बसवलं. बिचारा सकाळी येणाऱ्या करमाळ्याच्या पाहुण्याच्या विचारात होता. रावजीनं रीळ सरळ लावलं.

गाईडचा प्रसंग आला. सगळ्यांना ठाऊक होता म्हणून लोक आधीपासूनच हसायला लागले. भरारी पथकाच्या बाईंनी बोट पुढं केलं, आणि पडद्यावर एक काळी सावली चढली.

बायांचं दार मशीनच्या शेजारीच होतं. तिथून चंद्राबाई आत आली होती आणि तिनं अनिताचा हात धरून तिला पुढं घेतलं होतं. अनिता मशीनच्या उजेडात आली. पडदाभर तिची सावली पडली, पोटासकट. वैष्णवीच्या शेजारी वैष्णवीच्या दुप्पट. सावलीत उशी नसते हे गावाला तेव्हा कळलं. भरारी पथकाच्या बाई गाईड लपवलंय का म्हणून विचारत राहिल्या, पण कुणी हसलं नाही. जनरेटरचा आवाज तेवढा चालू. सोपाननं सावली ओळखली. तो उठायला लागला आणि पुन्हा बसला. बापूसाहेब आपली कवळी चाचपत राहिले.

अनिता तशीच उभी. पुढं जायला पाऊल ठेवण्याएवढी जागा नव्हती आणि मागं आजी. सगळ्या बाया पडद्याकडं बघत होत्या, जसं काही त्यांना दिसलंच नाही.

तेवढ्यात मागून कळंबचा कुणीतरी ओरडला, “बसा की खाली. पिक्चर दिसंना.”

आणि भामाबाईची मान वळली. तिला पुढं काय होतं ते ठाऊक होतं, तरी मधेच आडवं आलेलं तिला खपत नसे.

“ए पोरी, निम्मा पडदा तूच खाल्लास की. बस हितं.” तिनं शेजारणीला कोपर मारलं. “सरक गं. सरका जरा समद्या. दोन जिवाची हाय ती.”

शेजारीण सारजा, खोचक बाई. हळूच म्हणाली, “आन् कावीळ?”

“कावीळ आषाढात उतरंल,” भामाबाई म्हणाली. “सरक तू.”

सारजा सरकली, तिच्या पलीकडची सरकली, तिच्या पलीकडची. ते सरकणं बायांच्या रांगेतून जे निघालं ते पार कनातीपर्यंत गेलं, आणि टोकाला बसलेली एक कनातीखालून तंबूच्या बाहेर गेली. तिनं राहिलेला पिक्चर बाहेरून भोकातनं बघितला म्हणे. अनिता भामाबाईच्या आणि सारजाच्या मधे बसली. चंद्राबाई तिच्या मागं, गुडघे मोडून.

पडद्यावर पीटीचे मास्तर निकालाच्या समारंभात भाषणाला उभे राहिले आणि वैष्णवी दिसताच पुन्हा चक्कर येऊन खुर्चीसकट पडले. तंबू गप्प होता. मग अनिता हसली. आधी तोंडावर हात धरून, मग हात काढून. भामाबाईनं तिच्याकडं बघितलं आणि तीही हसली. मग ज्यांना ज्यांना तीन दिवस हसावं की हसू नये हे कळत नव्हतं ते सगळे हसले. त्या वेळी किती खुंटे उपटले ते मी सांगत नाही. तुम्ही विश्वास ठेवायचा नाही.

पिक्चर सुटल्यावर सोपान दारात उभा होता. त्यानं चंद्राबाईची काकडीची पाटी उचलून डोक्यावर घेतली आणि त्यांच्या पुढं चालायला लागला.

सकाळी त्याला पाहुण्याला आणायला स्टँडवर जायचं होतं. तो वांग्याला पाणी द्यायला गेला. पाहुणा मात्र आला, गुलाबी फेटा आणि हातात पेढ्यांचा पुडा. स्टँडवर भामाबाई बसली होती. त्यानं तिला सोपानचं घर विचारलं. तिनं त्याला आधी नीट बघून घेतलं, आणि मग सांगितलं की सोपान कळंबला ऱ्हायला गेला, ह्यो बगा ट्रॅक्टर तिकडंच चाललाय. स्वतः हात देऊन त्याला चढवलं. कळंबला लोकांना सगळं ठाऊक होतं. त्यांनी त्याला पुढं इंदापूरच्या गाडीत बसवलं, इंदापूरवाल्यांनी बारामतीच्या. काही लोक म्हणतात की फेट्याचा रंग उडाला तरी पाहुणा अजून एसटीतच आहे. मी स्वतः बघितलेला नाही.

शंभूराज पेटी घेऊन त्याच स्टँडवर गाडीची वाट बघत होता. एवढी मतं मिळाली तरी त्याचं समाधान झालं नव्हतं. तो भामाबाईजवळ गेला आणि त्यानं विचारलं, की मावशी, खरं सांगा, पिक्चर कसा वाटला.

भामाबाईनं पुड्यातला पेढा तोंडात टाकला. पुडा पाहुण्याच्या हातून तिच्याकडं कसा आला हे त्यानं विचारलं नाही.

“बरा हाय,” ती म्हणाली. “पर बसाया जागा कमी.”